दोन स्प्रिंगा, सहा हत्यारं

स्विस नाइफ कोणाला माहीत नाही? लाल मूठ, त्यावर पांढरा क्रॉस आणि आत कात्रीपासून टूथपिकपर्यंत अख्खा संसार! ट्रेकला निघालेल्या प्रत्येक ग्रुपमध्ये एकाकडे तरी तो असतोच, आणि मग किल्ला उतरेपर्यंत सगळे त्याच्याकडेच मागत राहतात. पण हा चाकू ज्याच्या डोक्यातून निघाला त्याचं नाव विचारलं तर मेकॅनिकलचे फायनल इयरवालेसुद्धा एकमेकांकडे बघतात. इंजिनिअर्स डेला आपण विश्वेश्वरय्यांवर भाषण करतो, एडिसन तर शाळेपासून पाठ आहे. कार्ल एल्सनर मात्र कुठल्याच भाषणात येत नाही.

माझा त्याच्याशी संबंध आला तो छंदामुळे. मी चाकू जमवते. लेडीज हॉस्टेलमध्ये हे सांगितलं की दोन सेकंद शांतता पसरते! रेक्टर मॅडम हे पान वाचत असतील तर आधीच सांगते, कलेक्शन घरी आहे, आईच्या कपाटात, कुलपात. आणि कलेक्शन म्हणजे तरी काय, सगळे मिळून सात चाकू, तेही खिशात मावणारे. पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते तुमच्यापैकी अनेकांनी बघितले असतील. एवढीशी वस्तू, पण तिच्यात कारागिराचं डोकं दिसतं, म्हणून कोणीतरी ती जपली. माझंही तसंच आहे, फक्त सुपारीच्या जागी सफरचंद.

जमवणाऱ्यांची एक गंमत असते. बहुतेकांना सगळ्यात जाड, सगळ्यात जास्त हत्यारांचा चाकू हवा असतो. वेंगर कंपनीने २००६ साली ८७ हत्यारांचा एक राक्षस काढला होता, तो तर खिशातच काय, एका हातातही धड मावत नाही. मला आवडतात ते साधे, बंद झालेले, कोणी फारसं न बघणारे चाकू. एखादं मॉडेल का आलं आणि का गेलं हे शोधत गेलं की त्यामागचा माणूस सापडतो. कार्ल एल्सनर मला असाच सापडला.

त्याचा जन्म ९ ऑक्टोबर १८६० चा. वडील स्वित्झर्लंडमधल्या त्सुग गावात हॅट बनवायचे. मुलाने गादी चालवावी हा तेव्हाचा सरळ हिशोब. पण कार्लला टोप्यांत रस नव्हता. तो चाकू-सुऱ्या बनवणाऱ्या कारागिराकडे शिकायला राहिला. त्या काळी युरोपात शिकाऊ माणूस काम शिकला की लगेच दुकान थाटत नसे. गावोगावच्या उस्तादांकडे राबून हात पक्का करायचा, मग घरी परतायचं, अशी पद्धत होती. आपल्या भाषेत इंडस्ट्रियल ट्रेनिंग म्हणा, फक्त सर्टिफिकेटसाठी केलेलं नव्हे! एल्सनर पॅरिसला गेला, मग जर्मनीतल्या टुटलिंगेनला. हे टुटलिंगेन शस्त्रक्रियेच्या हत्यारांसाठी प्रसिद्ध. सर्जनच्या हातात जाणारं पातं म्हणजे टॉलरन्सला माफी नाही. वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब करताना आपण एकाच कडेवर तीन तास फाइल मारतो आणि तरी राइट अँगल येत नाही, तेव्हा मला हा मुलगा आठवतो.

१८८४ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने इबाख या गावात स्वतःचा कारखाना काढला. इबाख श्वित्स नावाच्या परगण्यात आहे. स्वित्झर्लंड हे नाव या श्वित्सवरूनच पडलं. कारखाना हा शब्दही तसा मोठाच. टोबेलबाख नावाच्या ओढ्याच्या काठी एक शेड, ओढ्यावर पाणचक्की, आणि तिच्या ताकदीवर फिरणारे धार लावायचे आणि पॉलिशचे दगड. वीज नाही, वाफेचं इंजिन नाही. आपल्या गल्लीत सायकलचं पेडल मारून धार लावणारा येतो ना, त्याच्या पायाच्या जागी ओढा आहे अशी कल्पना करा. आई व्हिक्टोरिया मदतीला होती. ही बाई पुढे गोष्टीत परत येणार आहे, लक्षात ठेवा.

आता एक गोष्ट आपल्याला पटकन खरी वाटत नाही. स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर यश चोप्रांचे सिनेमे, चॉकलेट आणि बँका. पण एल्सनरच्या तरुणपणी तो डोंगराळ मुलूख गरीब होता. जमीन थोडी, धंदे कमी, आणि घरटी माणसं वाढलेली. मुलं अमेरिकेचं जहाज पकडून कायमची जात होती. एल्सनरला आपल्या खोऱ्यात काम निर्माण करायचं होतं, म्हणजे कोणाला पोटासाठी गाव सोडावं लागू नये. आपल्या वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या टेबलावर जीआरईची पुस्तकं आहेत, त्यामुळे मी यावर जास्त बोलत नाही. पण हा मुद्दा सोडला तर त्याने पुढे जे केलं ते निव्वळ वेडेपणा वाटतं.

झालं असं. स्विस सैन्याने १८८९ मॉडेलची श्मिट-रुबिन रायफल घेतली. ती साफ करायला खोलायची तर स्क्रू ड्रायव्हर लागणार. शिवाय सैनिकांचं जेवण डब्यातून येऊ लागलं होतं, तो डबा उघडायचा कशाने? सैन्याने ठरवलं की प्रत्येक सैनिकाला एकच घडीचा चाकू द्यायचा. त्यात एक पातं, एक कॅन ओपनर, एक स्क्रू ड्रायव्हर आणि चांभाराच्या आरीसारखं भोक पाडायचं टोकदार हत्यार. बास, चारच. हे मॉडेल १८९०. मूठ काळपट ओक लाकडाची, बंद चाकूची लांबी १०० मिलिमीटर आणि वजन १४४ ग्रॅम. म्हणजे खिशात ठेवला तर पँट एका बाजूने खाली ओढेल असा.

पण मुद्दा वेगळाच होता. स्विस सैन्याचा हा चाकू बनवायची ताकद तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये कोणाकडेच नव्हती! पहिली ऑर्डर, सुमारे १५,००० चाकूंची, जर्मनीत झोलिंगेनच्या वेस्टर कंपनीला गेली. झोलिंगेन म्हणजे पात्यांची राजधानी. आज कलेक्टर लोक वेस्टरचा शिक्का असलेला हा पहिला चाकू मिळाला तर उड्या मारतात. म्हणजे गंमत बघा, सगळ्यात दुर्मिळ स्विस आर्मी नाइफ जर्मन आहे.

एल्सनरला हे झोंबलं. त्याने देशातले चाकू बनवणारे पंचवीसेक कारागीर गोळा केले आणि त्यांची संघटना बांधली. विचार साधा होता. एकट्याला जमणार नाही, तर सगळ्यांनी मिळून सैन्याची ऑर्डर घ्यायची. १८९१ साली त्यांचे पहिले चाकू सैन्याकडे गेलेसुद्धा. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. इथे सिनेमा असता तर इंटरव्हलला टाळ्या पडल्या असत्या.

पण हा सिनेमा नव्हता, कॉस्टिंग होतं. झोलिंगेनच्या कारखान्यांत हजारोंनी माल निघायचा. इकडे पंचवीस छोट्या शेड, प्रत्येकाची पद्धत वेगळी, हाताने घासणं, हाताने जुळवणं. चाकू चांगला झाला तरी तो जर्मन चाकूपेक्षा महाग पडणारच. प्रॉडक्शनच्या सरांनी फळ्यावर काढलेला इकॉनॉमी ऑफ स्केलचा तो कर्व्ह या माणसांनी खिशातून भोगला. वर्षभरात एकेक जण बाहेर पडला, आणि शेवटी एल्सनर एकटा राहिला.

त्यानेही सोडलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. त्याने सोडलं नाही. तो तोट्यात चाकू देत राहिला, होता नव्हता तो पैसा गेला, कर्ज झालं, दिवाळं निघायची वेळ आली. शेवटी नातेवाइकांनी पैसा उभा केला म्हणून तो वाचला. हा भाग वाचताना मला प्रत्येक वेळी त्याचा थोडा रागच येतो. त्याच्यावर कामगार अवलंबून होते, घर अवलंबून होतं, आणि हा देशाच्या चाकूसाठी अडून बसला. हट्ट आणि जिद्द यातला फरक आपण नेहमी निकाल लागल्यावर ठरवतो. त्याच्या हातात तेव्हा निकाल नव्हता, नुसतीच देणी होती.

यातून तो बाहेर पडला तो पैशाच्या जोरावर नव्हे, डिझाइनच्या. आणि हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ज्यांना मशीन डिझाइनचा कंटाळा आहे त्यांनी दोन परिच्छेद गाळले तरी चालेल (पण गाळू नका!).

घडीचा चाकू उघडा आणि त्याच्या पाठीकडून बघा. मुठीच्या आत पाठीला पोलादाची एक पट्टी दिसेल. ती स्प्रिंग. पात्याचं बुड या स्प्रिंगवर टेकलेलं असतं. बुडाचा आकार असा घासलेला असतो की पातं पूर्ण उघडं असताना आणि पूर्ण बंद असताना स्प्रिंग सपाट बसते, आणि मधल्या प्रवासात ती वाकते. म्हणून चाकू उघडताना आधी जोर लागतो आणि शेवटी टक्क असा आवाज येतो. आपल्याकडे याला खटक्याचा चाकू म्हणतात, आणि शब्द अगदी बरोबर आहे, कारण सगळी करामत त्या खटक्यातच आहे. आता प्रत्येक हत्याराला एक स्प्रिंग दिली तर हत्यारं वाढतील तशा थरांच्या संख्येने जाडी वाढणार आणि वजनही वाढणार. सैनिकांचा चाकू जाडजूड होता, आणि अधिकाऱ्यांना काहीतरी हलकं, सुबक हवं असणार हे एल्सनरने हेरलं.

त्याने प्रश्न उलटा केला. अजून किती हत्यारं बसवू हे न विचारता त्याने विचारलं की स्प्रिंगा किती वाचतील. स्प्रिंगची एक बाजू मुठीच्या आत असते, तिच्यावर पातं टेकतं. मग दुसरी बाजू, पाठीकडची, रिकामीच आहे की! तिच्यावरही हत्यार टेकवता येईल. त्याने पाठीवर बूच काढायचा स्क्रू आणि आरी बसवली. एकच स्प्रिंग दोन्हीकडून राबायला लागली. दोन पाती, कॅन ओपनर, स्क्रू ड्रायव्हर, आरी आणि बुचाचा स्क्रू, अशी सहा हत्यारं फक्त दोन स्प्रिंगांवर बसली. १२ जून १८९७ रोजी त्याने या अधिकारी आणि खेळाडूंच्या चाकूच्या डिझाइनची कायदेशीर नोंदणी केली. हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर दोन कॉटच्या खोलीत त्याने सहा जणांची सोय लावली, आणि कोणाचा पाय कोणाला लागला नाही.

आज तुमच्या-माझ्या हातात येणारा लाल स्विस नाइफ याच चाकूचा वंशज आहे. त्यात कात्री आली, करवत आली, पेन ड्राइव्हसुद्धा आला, पण पाठीवरचा तो स्क्रू आणि दोन्हीकडून काम करणारी स्प्रिंग तिथेच आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्येही स्विस ऑफिसर नाइफ ठेवलेला आहे.

सैन्याने मात्र हा चाकू घेतला नाही! बूच काढायचा स्क्रू लढाईसाठी आवश्यक कसा, हा त्यांचा मुद्दा असावा, आणि त्यात चूक काही नाही. म्हणून तो सैनिकांना कधी वाटला गेला नाही. अधिकाऱ्यांनी तो दुकानातून स्वतःच्या पैशाने घेतला, आणि त्यांचं बघून इतरांनी. ज्या सरकारी ऑर्डरसाठी एल्सनर बुडाला तिच्यावर तो तरला नाही, तर सरकारने नाकारलेल्या चाकूने त्याचं कर्ज फिटायला लागलं. आर्मी नाइफ हे नावही खूप नंतरचं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी हे चाकू घरी नेले, त्यांना जर्मन नाव उच्चारता येईना, म्हणून त्यांनी सरळ स्विस आर्मी नाइफ म्हणायला सुरुवात केली.

एल्सनरला प्रतिस्पर्धीही मिळाला, आणि तो घरचाच. १८९३ साली देशाच्या फ्रेंच बोलणाऱ्या जुरा भागात एक चाकूचा कारखाना निघाला, जो पुढे थिओडोर वेंगर यांच्या नावाने ओळखला गेला. हे वेंगर आधी पाद्री होते. १९०८ मध्ये सैन्याने भांडण मिटवलं. अर्धी ऑर्डर जर्मन भाषिक एल्सनरला, अर्धी फ्रेंच भाषिक वेंगरला. ज्याने एकट्याने तोटा सोसून ही ऑर्डर टिकवली त्याला यावर काय वाटलं असेल? पण धंदा दोघांचाही चालला. पुढे जाहिरातीत एक स्वतःला ओरिजिनल म्हणवून घ्यायचा आणि दुसरा जेन्युइन. आपल्याकडच्या पेढेवाल्यांच्या पाट्या आठवल्या की नाही?

२००५ साली एल्सनरच्या वारसांच्या कंपनीने वेंगर विकत घेतली आणि २०१३ मध्ये वेंगर नावाचे चाकू बंद करायचं जाहीर झालं. माझ्या मते जमवायला सुरुवात करणाऱ्याने आधी हेच चाकू बघावेत. लोक नाव बघून व्हिक्टोरिनॉक्सकडे धावतात, आणि वेंगर मागे पडून राहतो. माझ्या सातांपैकी तीन वेंगर आहेत. त्यातला एक मामाने जर्मनीच्या जुन्या बाजारातून आणला, तो ८५ मिलिमीटरचा. त्याच्या कात्रीचं एक पातं दातेरी आहे, त्यामुळे कापड किंवा दोरा निसटत नाही. कितीही लाल आणि सारखे दिसले तरी दोन घराण्यांचे हात वेगळे होते हे त्या कात्रीत कळतं.

सैनिकांच्या चाकूचं म्हणाल तर तो बदलत गेला. लाकडाऐवजी फायबरची मूठ आली आणि १९०८ च्या मॉडेलचं वजन १२५ ग्रॅमवर आलं. १९५१ चं मॉडेल ९३ मिलिमीटर आणि ९० ग्रॅम. मग १९६१ चं, ॲल्युमिनियमच्या खरखरीत मुठीचं, ७२ ग्रॅमचं. १४४ चा बरोबर निम्मा! हत्यारं तीच चार. हे मॉडेल २००८ पर्यंत चाललं. त्यानंतर आलेला चाकू १११ मिलिमीटरचा, हिरवा-काळा, करवतवाला, १३१ ग्रॅमचा. वजनाचा ग्राफ काढला तर शंभरेक वर्षं खाली आणि मग एकदम वर. नव्यात एका हाताने उघडायची सोय आहे, पातं लॉक होतं, मान्य आहे. तरी मला १९६१ चाच जास्त आवडतो. त्यात दाखवण्यासारखं काही नाही, म्हणूनच तो दुर्लक्षित राहिला. त्याच्या मुख्य पात्याच्या बुडाशी बनवल्याच्या सालाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. माझा जन्म २००५ चा, त्यामुळे ०५ शिक्क्याचा शोध चालू आहे. कोणाचे काका, आत्या युरोपात असतील तर कळवा!

जुना चाकू घेताना काय बघायचं? चकाकी अजिबात नाही. पॉलिश केलेला चाकू म्हणजे कोणीतरी शिक्का घासून टाकलेला चाकू. पातं वारंवार धार लावून अरुंद झालंय का ते बघायचं, उघडल्यावर डावी-उजवीकडे हलतंय का ते बघायचं, आणि खटका ऐकायचा. टक्क असा कोरडा आवाज आला की स्प्रिंग जिवंत आहे.

१९०९ साली व्हिक्टोरिया एल्सनर वारल्या. पाणचक्कीच्या दिवसांपासून, कर्जाच्या दिवसांतही, त्या मुलाबरोबर होत्या. कार्लने कारखान्याच्या मालाला आईचं नाव दिलं, व्हिक्टोरिया. त्याच वर्षी ढालीवरचा क्रॉस हे चिन्हही नोंदवलं. लाल चाकूवर आपण जो क्रॉस बघतो तो तेव्हापासूनचा. कारखाना इबाख सोडून कुठे गेला नाही, आजही तिथेच आहे. २००१ च्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर विमानात चाकू न्यायला बंदी आली, विमानतळावरच्या दुकानांतली विक्री कोसळली, तेव्हाही कंपनीने माणसं कमी केली नाहीत. गावातल्या माणसाला काम, ही सुरुवातीची अट घराण्याने पाळली असं म्हणायला हरकत नाही.

कार्ल एल्सनर २६ डिसेंबर १९१८ ला गेला, ५८ वर्षांचा होऊन. पहिलं महायुद्ध संपून जेमतेम दीड महिना झाला होता. त्याच्या हयातीत बनलेला प्रत्येक चाकू साध्या कार्बन स्टीलचा, लिंबू कापून पुसला नाही तर काळा पडणारा, पावसाळ्यात गंजणारा. न गंजणारं पोलाद त्याच्या कारखान्यात आलं १९२१ मध्ये. फ्रेंचमध्ये अशा पोलादाला थोडक्यात इनॉक्स म्हणतात. आईच्या नावाला ते जोडलं आणि व्हिक्टोरिनॉक्स झालं. तेव्हा कुठे जुन्या बाजारात चाकू हाताला लागला तर पात्याचं बुड नीट बघा. तिथे इनॉक्स लिहिलं असेल तर तो एल्सनरने बघितलेला नाही. नुसतं व्हिक्टोरिया असेल, पोलादावर काळे डाग असतील, तर दुकानदाराला चेहऱ्यावरून काही कळू न देता किंमत विचारा.